दुखणाइतास उचलणारे हात

दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पटकी, देवी, प्लेग अशा रोगांना ती चांगली लागू पडे. संधिवाताच्या बाबतींत मात्र ती उलटी करून घ्यावी लागते. हें दुखणें मुंगीच्याच पावलांनीं येतें. एखाद्या सकाळीं गृहिणीच्या हाताचीं बोटें वळत नाहींत, चोळीची गांठ बसत नाहीं, दुधाचें पातेलें सांडशींत धरवत नाहीं. ऊन वर आलें म्हणजे बोटें सैल होतात आणि कामाच्या गर्दींत ती तें विसरून जाते. आठवड्यानें पुन्हां तसेंच होतें. वर्ष दोन वर्षांत मनगटें, गुडघे, घोटे एकामागून एक धरतात. आणि एकदां घरांत शिरलेलें हें दुखणें बहुधा घर सोडीत नाहीं. तें माणसास एकदम मारीतहि नाहीं. वीस वर्षें, तीस वर्षें तें त्याच्या सोबतीला राहतें.

साथीच्या रोगांचा इतिहास मृत्यूंच्या आंकड्यांवरून लिहितां येतो. संधिवाताचा इतिहास लिहावयाचा तर निराळेच प्रश्न विचारावे लागतात. दुखणाइतास सकाळीं उठवून कोणीं बसविलें? त्यास न्हाऊं कोणीं घातलें? वैद्याकडे जावयाचें झालें तेव्हां त्यास डोंगरावरून खालीं कोणीं आणलें? हे प्रश्न विचारण्यास रायगड जिल्ह्यांतील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके फार योग्य आहेत. पूर्वीचा कुलाबा जिल्हा तो १९८१ सालापासूनचा रायगड जिल्हा. त्याच्या या आंतल्या बाजूस समुद्र नाहीं. आहे तो सह्याद्रीचा पायथा, भाताचीं खाचरें, आणि दाराशीं येऊन थांबलेली चढण. निरोगी माणसाला ती चढण सहलीच्या दिवशीं आठवते. ज्याचे गुडघे धरले, त्याला ती रोज भेटते.

या दुखण्याची ओळख आपल्या वैद्यांना फार जुनी आहे. चरकसंहितेंत वाताने धरलेल्या सांध्याचें वर्णन आहे. सुजलेला सांधा हातास वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो, आणि पाय पसरतांना व आंखडतांना वेदना होतात, असें तेथें सांगितलें आहे. पुढें इ. स. च्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवात या रोगास स्वतंत्र प्रकरण दिलें. हात, पाय, घोटे, गुडघे असे अनेक सांधे सुजतात, अंग जड होतें, अन्नावरची वासना जाते, आणि विंचू डसावा तशा कळा येतात, हें त्याचें निरीक्षण आजच्या डॉक्टरलाहि ओळखीचें वाटेल. एक सांधा झिजून दुखणें निराळें, आणि सर्व शरीराचें बिघडून अनेक सांधे सुजणें निराळें, हा भेद त्यांत स्पष्ट दिसतो.

युरोपांत हा भेद उशिरां झाला. तेथें सांध्याचें दुखणें म्हणजे श्रीमंतांचा, मद्यमांस सेवन करणाऱ्या पुरुषांचा रोग, अशी समजूत दृढ होती. इ. स. १८०० मध्यें लांद्रे-बोव्हे या तरुण फ्रेंच वैद्यानें पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयांत जे रोगी पाहिले, त्या होत्या गरीब स्त्रिया. त्यांच्या घरीं ना मद्य होतें ना मेजवान्या. तरी त्यांचे सांधे वर्षानुवर्षें सुजून वांकडे झाले होते. श्रीमंतांचें दुखणें तें हें नव्हे, असें त्यानें आपल्या प्रबंधांत मांडलें. पुढें १८५९ सालीं इंग्लंडांतील आल्फ्रेड गॅरड यानें त्यास आज रूढ असलेलें ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस हें नांव दिलें. मराठींत आपण त्यास आमवात म्हणतों, आणि वयोमानाप्रमाणें व श्रमानें सांध्यांतील कूर्चा झिजून जें दुखणें येतें त्यास सांधेझीज म्हणतों. आमवातांत सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो. सांधेझिजेंत तो बहुधा अर्ध्या तासांत जातो. आमवात पुरुषांपेक्षां स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो, आणि पुष्कळदां ऐन संसाराच्या वयांत, तीस ते पन्नास या वर्षांत, सुरू होतो. म्हणजे घरांत जिनें सर्वांची शुश्रूषा करावयाची, तिलाच तो प्रथम गांठतो. या रोगाचें खरें क्रौर्य येथें आहे.

कर्जत-खालापुरांतील घरगुती उपचार पिढ्यान्पिढ्या एकाच धर्तीचे होते. बांधावर निर्गुडी उगवे. तिचा पाला तव्यावर गरम करून सुजलेल्या गुडघ्यावर बांधीत. एरंडाचीं पानें व एरंडेल तेल घरोघर असे. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत आमवातास हत्तीची आणि एरंडेलास सिंहाची उपमा दिलेली आहे, इतका त्या तेलाचा लौकिक होता. वाळूची पुरचुंडी गरम करून शेकावयाचें, लसूण दुधांत शिजवून द्यावयाची, बिब्ब्याचा चटका द्यावयाचा, हेंहि चाले. यांतील शेकानें स्नायू सैल होऊन आराम पडे, ही गोष्ट खरी. बिब्ब्यानें कातडी पोळून जखम होई, हीहि गोष्ट तितकीच खरी. १८७२ सालीं शेजारच्या पनवेलीस कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना स्थापन केला, आणि घरीं कुटून-गाळून करावयाचीं गुग्गुळासारखीं औषधें हळूहळू तयार गोळ्यांच्या रूपानें मिळूं लागलीं.

याशिवाय ऊन पाण्याचे झरे होते. खालापुराच्या दक्षिणेस लागून सुधागड तालुका आहे. तेथें पालीपासून थोड्याच अंतरावर उन्हेरे येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. कातडीचे रोग आणि अंगदुखी यांसाठीं लोक तेथें स्नानास जात आले आहेत. यांत श्रद्धेचा भाग असला तरी अनुभवाचाहि भाग आहे. छातीपर्यंत पाण्यांत उभें राहिलें असतां शरीराचा बहुतेक भार पाणी उचलून धरतें. त्यामुळें जो गुडघा जमिनीवर वांकत नाहीं, तो पाण्यांत वांकतो. पाण्याच्या उष्णतेनें आंखडलेले स्नायू मोकळे होतात. रोग मुळांतून जात नाहीं, पण दोन रात्री झोंप लागते, आणि ज्यानें महिनोगणती झोंप पाहिलेली नाहीं त्याला तें थोडें नव्हे. प्रश्न एवढाच की, ज्याला चालतां येत नाहीं त्यानें झऱ्यापर्यंत जावयाचें कसें? उपाय होता, पण तो वाटेच्या पलीकडे होता. येथूनच या इतिहासांतील दुसरा माणूस पुढें येतो. तो म्हणजे वाहणारा.

पेशवाईंत पुणें आणि कोंकण यांमधील मोठी ये-जा बोरघाटानें होत असे. घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणिसांनीं तलाव व वीरेश्वराचें देऊळ बांधविलें, तें वाटसरूंच्या सोयीचें ठिकाण होतें. सधन दुखणाईत तेथून पालखींत वा मेण्यांत बसून घाट चढे. गरीब दुखणाईत बैलाच्या पाठीवर किंवा मुलाच्या पाठीवर बसे, नाहींतर घरींच राही. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं घाटांतून गाड्यांचा रस्ता खुला केला. १८५६ सालीं मुंबईकडून आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत अपुरा होता. त्या मधल्या पांच वर्षांत गंमत अशी होती की, उतारू वाफेच्या यंत्रानें खोपोलीस येत, तेथें उतरून पालख्या, तट्टें आणि गाड्या यांतून घाट चढत, आणि वर पुन्हां वाफेच्या यंत्रांत बसत. विज्ञानाच्या दोन टोंकांमधील तुटलेला तुकडा माणसांच्या खांद्यांनीं जोडला होता. १८६३ त घाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि पालखीवाल्यांचें तें काम संपलें. ज्यांनीं हजारों लोकांना वर नेलें, त्यांची नांवें कोठें नोंदलेलीं नाहींत. त्यांच्या गुडघ्यांचें पुढें काय झालें, हें तर कोणीं विचारलेंहि नाहीं.

त्याच सुमारास कर्जत तालुक्यांत माथेरान वसलें. मे १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापुरांतील चौक येथून डोंगर चढून वर गेले, आणि तेथील हवा व झाडी पाहून त्यांनीं तेथें वस्ती करण्याचें मनावर घेतलें. मुंबईच्या उकाड्यानें थकलेल्या व आजारी माणसांना विश्रांतीचें ठिकाण म्हणून माथेरानचा लौकिक वाढला. पण समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच असलेल्या त्या पठारावर अशक्त माणसानें चढावें कसें? नेरळाहून वाट झाली. तट्टें, पालख्या आणि वाहून न्यावयाच्या खुर्च्या आल्या. खुर्ची उचलणारे पायथ्याच्या वाड्यांतील लोक असत. १९०७ सालीं आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या खर्चानें व खटपटीनें नेरळ-माथेरान ही लहान रुळांची गाडी सुरू झाली, आणि चढणीचा प्रश्न पुष्कळसा सुटला. तरी स्टेशनापासून बंगल्यापर्यंतचा प्रश्न राहिलाच. मोटारींस डोंगरावर बंदी राहिली, आणि त्यामुळें झाडी व शांतता टिकली हें खरें. त्या बंदीच्या पोटांत माणसानें ओढावयाची रिक्षा टिकून राहिली, हेंहि खरें. म्हातारे, पंगू, गरोदर स्त्रिया आणि दवाखान्यांत जाणारे रोगी यांना तीच एक सवारी होती. तांबड्या मातीच्या चढउतारावर एका माणसाचे धरलेले गुडघे दुसऱ्या माणसाच्या धडधाकट गुडघ्यांवर चालत.

ते गुडघे किती दिवस धडधाकट राहणार? या तालुक्यांतील श्रमाची रीतच सांध्यांची परीक्षा पाहणारी आहे. आवणीच्या दिवसांत बायका कमरेंत वांकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलांत उभ्या राहून, दिवस दिवस भाताचीं रोपें लावतात. ठाकर आणि कातकरी वाड्यांतून डोंगरावरून लांकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतरावयाचें, आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चढावयाचें, हें काम बहुधा बायकांचेंच. उतरतांना गुडघ्यावर चढण्याहून अधिक ताण पडतो. डोक्यावर ओझें असलें तर तो आणखी वाढतो. पावसाळ्यांत दुखणें वाढतें असें रोगी सांगतात. हवेचा आणि दुखण्याचा संबंध सर्व पाहण्यांत सारखा आढळलेला नाहीं. पण निसरडा बांध, ओली जमीन आणि भिजलेलें अंथरुण यांचा संबंध सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाहीं.

हें दुखणें खेड्यांत किती आहे, याची पद्धतशीर मोजदाद महाराष्ट्रांत प्रथम कर्जतेस झाली नाहीं. ती घाटावर, पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या योजनेखालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ सालीं तेथें घरोघर पाहणी केली. सुमारें चार हजार प्रौढ माणसांस विचारतां त्यांत शेंकडा १८ जणांना हाडें, सांधे वा स्नायू यांचें दुखणें आढळलें. सांधेझीज शेंकडा सुमारें ६ जणांस होती, आणि आमवात दर दोनशें माणसांत एकास. दोनशांत एक हा आंकडा लहान वाटेल. पण दोनशें प्रौढांचें गांव म्हणजे पन्नास-साठ घरांची वाडी. तेव्हां सरासरीनें अशा प्रत्येक वाडींत एक तरी माणूस, बहुधा एक स्त्री, हा रोग घेऊन बसलेली असते. तिचें नांव वाडीला ठाऊक असतें. दवाखान्याला तें पुष्कळदां ठाऊक नसतें, कारण ती दवाखान्यापर्यंत पोंचतच नाहीं.

अशा स्त्रीचा दिवस कसा जातो? जुन्या घरांत जातें होतें. सुजलेल्या मनगटानें खुंटा फिरविणें म्हणजे शिक्षाच होती. पाटावरवंटा जमिनीवर, चूल जमिनीवर, जेवणाचा पाट जमिनीवर, अंथरूण जमिनीवर. विहिरीचा दोर हातांत घट्ट धरावा लागे. शौचास उकिडवें बसावें लागे, आणि एकदां बसलें कीं उठतां येत नसे. या शेवटच्या अडचणीबद्दल कोणी बोलत नसे. पण पुष्कळ म्हाताऱ्या बायका त्या भीतीनेंच पाणी कमी पीत आणि अन्न कमी खात. आपलें घर हें निरोगी, लवचिक गुडघ्यांसाठीं बांधलेलें असतें. गुडघा धरला कीं तेंच घर परकें होतें, आणि दारांतला उंबरठा बोरघाट होऊन बसतो.

शुश्रूषेचा भार घरांतील दुसऱ्या स्त्रीवर पडे. सासूची सून करी, आईची मुलगी करी, आणि पुष्कळ घरांत विधवा बहीण वा भावजय हीच फुकटची परिचारिका असे. तें काम प्रेमानें होई, पण शिक्षणानें होत नसे. शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे, हा विचार मुंबई इलाख्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं रुजूं लागला. मुंबईंत १८९१ सालीं शिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतलें जातें. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानें सेवासदन निघालें, आणि त्या संस्थेनें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेचें शिक्षण देण्यास आरंभ केला. परक्याच्या अंगास हात लावावयाचा, रात्रपाळी करावयाची, सर्व जातींच्या रोग्यांचें मलमूत्र काढावयाचें, हें पांढरपेशा समाजाला तेव्हां रुचण्यासारखें नव्हतें. तरी त्या स्त्रिया गेल्या. जें काम त्या घरांत मुकाट्यानें करीत होत्या, त्याच कामास त्यांच्यामुळें विद्येची प्रतिष्ठा आणि वेतन मिळालें.

संधिवाताच्या रोग्यास या विद्येनें काय दिलें, तें पाहण्यासारखें आहे. घरगुती माया सांगे, दुखतो तो सांधा हलवूं नये. त्याच्या खालीं मऊ उशी द्यावी. रोग्यास त्यानें तात्पुरता आराम पडे, पण गुडघा वांकलेल्या स्थितींत राहून महिन्या-दोन महिन्यांत तसाच आंखडून जाई, आणि मग सूज उतरली तरी पाय सरळ होत नसे. शिकलेली परिचारिका गुडघ्याखालची उशी काढते. सूज फार असेल तेव्हां सांध्यास विसांवा देते, पण सरळ स्थितींत. आणि सूज उतरतांच दिवसांतून दोन-तीनदां तो हळूहळू पूर्ण हालवून घेते. शेकतांना पाणी आपल्या कोपरास लावून पाहते, कारण दुखणाइताच्या पातळ झालेल्या कातडीस चटका लवकर बसतो. जो अंथरुणास खिळला, त्यास दर दोन तासांनीं कुशीवर वळविते आणि टांचा, माकडहाड, खुब्याच्या जागा रोज पाहते. कातडी लाल दिसली कीं शय्याव्रणाची ती पहिली खूण होय. उठवितांना ती रोग्याचा हात धरून ओढीत नाहीं, कारण खांदा व मनगट हे सांधेच त्याचे दुखरे असतात; कमरेशीं आधार देऊन ती त्यास त्याच्याच बळानें उठूं देते. सकाळीं ऊन पाण्यानें अंग मोकळें होईपर्यंत घाई करीत नाहीं. घरांत ती थोडे बदल सुचविते: खाट उंच करावी, शौचास खुर्चीची सोय करावी, भिंतीला धरावयास दांडा बसवावा, चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड करावा. या कशालाहि फार पैसा लागत नाहीं. लागतें तें पाहणारें डोळस मन.

या डोळसपणाचें एक उदाहरण फ्रान्समधील आहे. विख्यात चित्रकार रन्वार यास वयाच्या पन्नाशीच्या सुमारास आमवात झाला. पुढें त्याचीं बोटें तळहातांत वळलीं, आणि शेवटचीं कांहीं वर्षें त्यानें चाकांच्या खुर्चींत काढलीं. त्याच्या हातांस पट्ट्या बांधलेलें छायाचित्र पाहून लोकांनीं कथा रचली कीं, तो कुंचला हातास बांधून चित्रें काढी. खरी गोष्ट साधी आहे. वळलेल्या बोटांनीं तळहाताची कातडी सोलूं नये म्हणून घरचीं माणसें तेथें पट्टी बांधीत. कुंचला त्याच्या बोटांत दुसऱ्या कोणीं तरी ठेवावा लागे, पण तो धरी स्वतः. मोठ्या चित्रासाठीं कापड गुंडाळ्यांवर चढवून वरखालीं फिरविण्याची युक्ति केली होती, म्हणजे हात फार पसरावा लागूं नये. १९१९ सालीं मरेपर्यंत तो चित्रें काढीत राहिला. औषध त्या काळीं जवळजवळ नव्हतेंच. होती ती शुश्रूषा, आणि ती रोग्याच्या कामाचा मान राखणारी होती.

औषधांचा काळ त्यानंतर आला. सप्टेंबर १९४८ मध्यें अमेरिकेंत मेयो क्लिनिक येथें डॉ. फिलिप हेंच यांनीं आमवातानें जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीस कॉर्टिसोन टोंचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्या चमत्काराची किंमत लौकरच कळली: हाडें ठिसूळ होतात, तोंड सुजतें, रक्तांतील साखर वाढते. पुढें १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला, आणि १९८० नंतरच्या दशकांत मेथोट्रेक्सेट हें औषध आमवाताच्या उपचाराचा पाया झालें. रोग प्रथमावस्थेंतच ओळखून हें औषध सुरू केलें, तर सांधे वांकडे होणें आज पुष्कळ अंशीं टळतें.

येथेंहि शुश्रूषेचें काम संपत नाहीं. मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकच दिवस घ्यावयाचें असतें. रोजच्या गोळ्यांबरोबर तें चुकून रोज घेतलें तर जिवावर बेततें. म्हणून त्याचा वार घरांतील दुसऱ्या एका माणसास पाठ असावा, आणि रक्ताची तपासणी ठरल्या वेळीं व्हावी. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षें मनानें घेतल्यास जठरांत व्रण होतात व मूत्रपिंड बिघडतें. आणि आठवड्याच्या बाजारांत मिळणारी जी बिननांवाची पूड दोन दिवसांत म्हातारीला उठवून बसविते, तींत पुष्कळदां कॉर्टिसोनच्याच जातीचें औषध मिसळलेलें असतें. झटपट गुण हीच तिची संशयाची खूण समजावी.

औषध आलें, शिकलेल्या परिचारिका आल्या, तरी चढणीचा प्रश्न कर्जत-खालापुरांत उरलाच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या कुशींतील इरशाळवाडी दरडीखालीं गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीस धांवलेले लोक पावसांत पायीं डोंगर चढले, आणि मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. तो दिवस सर्व देशास समजला. पण गाडीरस्ता नसण्याचे जे साधे दिवस असतात, ते कोणाला समजत नाहींत. ज्या वाटेनें यंत्र चढत नाहीं, त्या वाटेनें गुडघे धरलेली म्हातारी उतरत नाहीं. तिला झोळींत घालून, बांबूला बांधून, चार जण खांद्यावर आणतात. चार जण घरीं असले तर आणतात. कामास बाहेर गेले असले तर तिची गोळी त्या आठवड्यास चुकते.

माथेरानास निराळें वळण आलें. डिसेंबर २०२२ मध्यें तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रायोगिक रीतीनें सुरू झाल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी, व रिक्षा ओढणाऱ्यांचें पुनर्वसन करावें, असा निर्णय दिला. परवानेधारक ओढणारे तेथें ९४ होते. या निर्णयांत दोन दुखणाइतांचा न्याय एकत्र झाला आहे. एक, जो चालूं शकत नाहीं म्हणून बसतो. आणि दुसरा, जो पोटासाठीं ओढतां ओढतां स्वतःच एक दिवस चालूं शकणार नाहीं. पहिल्याची सोय दुसऱ्याच्या सांध्यांतून काढावयाची, ही बोरघाटच्या पालखीपासून चालत आलेली रीत होती. ती मोडावयाची तर वाहन बदलून भागत नाहीं. ज्याच्या हातांतून रिक्षेचा दांडा काढून घेतला, त्याच्या हातांत दुसरें काम द्यावें लागतें.

हाच हिशोब घरांतहि लागू आहे. घाटांत भोयांचे खांदे, माथेरानांत रिक्षेवाल्याचे पाय, आणि घरांत सुनेची कंबर, यांवर संधिवाताचा रोगी आजवर जगत आला. सासूला रोज उचलणारी सून चाळिशींत कंबर धरून बसते, आणि मग तिला उचलण्याची पाळी तिच्या मुलीची येते. खाट हातभर उंच केली, न्हाणीघरांत एक दांडा बसविला, आठवड्यांतील एक दिवस मुलानें किंवा जांवयानें शुश्रूषा आपल्याकडे घेतली, तर ही परंपरा एका पिढींत थांबूं शकते. सुतार एका सकाळींत बसवील असा तो दांडा आहे.